वाचकांचे प्रश्न : विषारी दारू, सॅनिटायझर आणि पेट्रोलमधील इथेनॉल

प्रश्न : हातभट्टीची दारू ‘बिघडली’ की ती विषारी होते, असे आमच्याकडे म्हणतात. बातम्यांत मात्र प्रत्येक वेळी मिथेनॉलचे नाव येते. गूळ आंबवून काढलेल्या दारूत हे मिथेनॉल येते कुठून? आणि अशा रुग्णाला उपचार म्हणून दारूच देतात, हे खरे आहे काय? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : बिघडण्याचा येथे फारसा संबंध नाही. गूळ किंवा मळी आंबवताना यीस्ट साखरेपासून इथेनॉल (दारूतले नेहमीचे अल्कोहोल) आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. मिथेनॉल हे वेगळे अल्कोहोल प्रामुख्याने पेक्टिन या चिकट द्रव्यापासून सुटते आणि पेक्टिन असते फळांच्या गरात व सालीत. त्यामुळे फळांपासून काढलेल्या मद्यात मिथेनॉल अल्प प्रमाणात आढळते, गुळाच्या दारूत ते नगण्य असते, आणि दोन्हींपैकी कोणत्याही प्रकारे एका रात्रीत अख्खी वस्ती आजारी पडण्याइतके ते साचत नाही. हातभट्टीची दारू निर्धोक असते, असा याचा अर्थ मुळीच नाही. नवसागरापासून अनेक गोष्टी त्यात टाकल्या जातात. पण जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली, तशा घटनांमध्ये बहुधा कारखान्यांसाठी असलेले मिथेनॉल दारूत मिसळलेले असते किंवा दारू म्हणूनच विकलेले असते. हे मिथेनॉल नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून मोठ्या प्रमाणावर बनते, फॉर्माल्डिहाइड, रंग आणि थिनर यांच्या उद्योगात लागते, आणि पिण्याच्या मद्यावरील कर त्यावर नसल्याने ते स्वस्त पडते. ही दुर्घटना भट्टीतल्या चुकीपेक्षा चोरट्या पुरवठ्याची असते, आणि तपासाचा रोखही मिथेनॉलचे पिंप कोठून सुटले यावरच असायला हवा, असे आम्हाला वाटते.

दोन्ही अल्कोहोलांच्या रेणूंत फरक एका कार्बनचा. इथेनॉलमध्ये दोन कार्बन, मिथेनॉलमध्ये एक. दोन्ही द्रव रंगहीन, दोन्ही पाण्यात सहज मिसळणारे. चवीवरून, वासावरून किंवा काडी लावून ज्योत पाहण्याने मिसळ ओळखता येते, हा समज घातक आहे. यकृताला मात्र हा फरक फार महाग पडतो. तेथील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) इथेनॉलचे ॲसिटाल्डिहाइड करते, त्याचे पुढे ॲसिटिक आम्ल होते आणि शरीर ते ऊर्जेसाठी वापरून टाकते. तेच विकर मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड करते आणि त्यापासून फॉर्मिक आम्ल बनते. माणसाच्या शरीरात या आम्लाचा निचरा संथपणे होतो. ते साचत गेले की रक्ताची आम्लता वाढते आणि पेशींना ऑक्सिजन मिळत असूनही तो वापरता येईनासा होतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतू या माऱ्यासमोर विशेष नाजूक ठरतो. दहा मिलिलिटरइतक्या शुद्ध मिथेनॉलनेही कायमचे अंधत्व आल्याची नोंद वैद्यकात आहे.

मूळ मिथेनॉल तितके विषारी नसून शरीरच त्याचे विष बनवते, म्हणून त्रास उशिरा दिसतो. पिऊन झाल्यावर नेहमीसारखी, किंबहुना जरा कमीच, नशा येते. माणूस झोपतो आणि साधारण बारा ते चोवीस तासांनी डोकेदुखी, उलट्या, पोटदुखी, धाप, आणि समोर धुके किंवा बर्फ पसरल्यासारखे धूसर दिसणे सुरू होते. सोबत इथेनॉलही पोटात गेले असेल तर हा अवधी आणखी लांबतो. घरचे लोक याला रात्रीची उतरत नसलेली दारू समजून लिंबूपाणी देत बसतात आणि मोलाचे तास निघून जातात.

दारू देतात, ही ऐकीव गोष्ट नव्हे. त्या विकराची ओढ मिथेनॉलपेक्षा इथेनॉलकडे कितीतरी अधिक असते. रक्तात इथेनॉलची विशिष्ट पातळी टिकवली की विकर त्यातच गुंतून राहते आणि मिथेनॉल विषात न बदलता मूत्रावाटे, श्वासावाटे आणि मुख्यतः डायलिसिसने बाहेर काढता येते. फोमेपिझोल हे औषध त्याच विकराला थेट अडवते. ते अधिक सुरक्षित, पण महाग आहे. जोडीला रक्ताची आम्लता उतरवणारे सोडियम बायकार्बोनेट आणि फॉर्मिक आम्लाच्या निचऱ्याला मदत करणारे फोलिनिक आम्ल दिले जाते. हे सारे रक्तातील पातळी मोजत रुग्णालयात करायचे काम आहे. घरी रुग्णाला आणखी दारू पाजण्यात शहाणपण नाही. त्याच्यासोबत प्यायलेल्या सर्वांना, अगदी ठणठणीत वाटणाऱ्यांनाही, लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल शंभर टक्के का नसते? पाणी घालून कंपन्या फसवतात काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. अल्कोहोल जंतूंची प्रथिने विस्कटून त्यांना मारते आणि त्या क्रियेला पाणी लागते. शुद्ध अल्कोहोल हातावरून चटकन उडूनही जाते. म्हणून साठ ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यानचे द्रावण अधिक परिणामकारक ठरते. काही जिवाणूंचे बीजाणू त्याला दाद देत नाहीत, आणि हात मातीने किंवा तेलाने माखले असतील तर साबणच बरा. सॅनिटायझर पिण्याविषयी वेगळे सांगावे लागू नये, पण दारूची दुकाने बंद असताना एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे ते पिऊन माणसे मेली आहेत.

प्रश्न : पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल आणि दारूतील इथेनॉल एकच का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : रेणू तोच, पाण्याचे प्रमाण निराळे. साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होते. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. इंधनासाठी उरलेले पाणी काढणे आवश्यक असते, कारण पाणी वाढले तर मिश्रणाचे थर वेगळे होतात. त्यासाठी आपल्याकडील साखर कारखान्यांच्या आसवनी प्रकल्पांत वाफ रेणवीय चाळणीतून नेतात. चाळणीची सूक्ष्म छिद्रे पाण्याचे रेणू धरून ठेवतात आणि मोठे इथेनॉल पुढे जाते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून वीस टक्के मिश्रणावर गाडीचे मायलेज थोडे घटणे स्वाभाविक आहे. औद्योगिक स्पिरिट पिण्यासाठी वळवले जाऊ नये म्हणून त्यात कडू किंवा दुर्गंधी द्रव्ये मिसळतात. गाळून किंवा उकळून ती निघून जातात, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.