ब्रेक लिव्हर हाताच्या मापाचा करून घ्या

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. यवतेश्वर घाट उतरताना माउंटन बाइकच्या हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकपर्यंत तिची बोटं नीट पोचत नाहीत. लिव्हर जवळ घेता येतो का? (गोडोली, सातारा)

उत्तर : येतो, आणि पुन्हा घाटात जायच्या आधी घ्याच. पण स्क्रूला हात लावण्यापूर्वी लिव्हरची जागा बघा. लिव्हर हँडलला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट (बहुधा ४ किंवा ५ मिमीची ॲलन की) सैल करून लिव्हर हँडलवर आतल्या बाजूला सरकवा. हात ग्रिपवर असताना फक्त तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळणावर पडली पाहिजे. टोकाशी ताकद कमी लागते आणि बाकीची बोटं ग्रिप सोडत नाहीत. उतारावर पेडलवर उभं राहून कोन ठरवा. मनगट वाकता कामा नये.

मग अंतर. लिव्हरच्या बिजागरीपाशी छोटा स्क्रू असतो, बऱ्याच मॉडेलना २ किंवा २.५ मिमीची ॲलन की लागते. काहींना हातानेच फिरवायची चकती असते. कुठल्या बाजूने फिरवल्यावर लिव्हर जवळ येतो हे मॉडेलनुसार बदलतं, म्हणून थोडं थोडं फिरवा. तर्जनीचं पहिलं पेर सहज टेकलं की थांबा. आता तिलाच पूर्ण जोर लावून दाबायला सांगा. लिव्हर ग्रिपला किंवा मागच्या बोटांना टेकत असेल, तर तो फार जवळ आलाय. दोन्ही हातांचं अंतर सारखं ठेवा.

प्रश्न : पुढचा ब्रेक ग्रिपपर्यंत जातो, दोन-तीनदा पंप केला की कडक होतो. स्क्रूने लिव्हर लांब केला तर भागेल? (मेढा)

उत्तर : नाही. ही एअर धरल्याची खूण आहे. ऑइल दबत नाही, हवा दबते. स्क्रूने फक्त लिव्हरची सुरुवातीची जागा बदलते, आतली हवा तिथेच राहते. कासला जाताना सायकल गाडीत आडवी टाकली असेल, तर ती उभी करून लिव्हर हलके हलके दाबत राहा. लिव्हरपाशी असलेल्या ऑइलच्या टाकीतली हवा पाइपात उतरलेली असू शकते. तेवढ्याने फरक पडला नाही तर ब्लीड करून (आतली हवा काढून) घ्या आणि तोवर घाट बंद.

मेकॅनिकला ऑइल विचारा. शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट ५.१ (मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये असतं त्या जातीचं ऑइल). मिनरलच्या ब्रेकमध्ये मोटारसायकलचं डॉट ऑइल गेलं तर आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. बाटली स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

प्रश्न : ‘फ्री स्ट्रोक’चा (पॅड डिस्कला टेकेपर्यंत लिव्हर किती हलतो ते ठरवणारा) स्क्रू फिरवू का? (कराड)

उत्तर : फिरवा, पण जोर लावून आवळू नका आणि फार सैलही करू नका. बहुतेक लिव्हरवर फरक जेमतेमच जाणवतो.

प्रश्न : पंक्चरसाठी चाक काढलं, चुकून ब्रेक दाबला गेला. आता डिस्क आत जात नाही. (वाई)

उत्तर : पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर आलेत. प्लॅस्टिकचा टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) दोन पॅडच्या मधे घालून हळूच फाकवा. पॅड तेलकट होऊ देऊ नका. पुढच्या वेळी चाक काढताच फटीत जाड पुठ्ठा सरकवून ठेवा.