ख्रिस्ती माणसाने पैसा, घर, गाडी अशा जगिक गोष्टी देवाच्या कामाला कशा लावायच्या?

बायबलमध्ये लूकच्या 16व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला कारभारी आठवा, नोकरी जाणार कळल्यावर त्याने मालकाच्या कर्जदारांना बोलावून तेलाची शंभर मापं होती ती पन्नास लिहायला लावली, गव्हाची शंभर ती ऐंशी. येशू त्याच्या लबाडीचं कौतुक करत नाहीये हां, हुशारीचं करतोय, की धन जाणारच आहे तर हातात आहे तोवर त्याने माणसं जोडा. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला दिला की आपण मोकळे असं बरेच जण धरून चालतात, मला ते पटत नाही, उरलेले नव्वद टक्के पण देवाचेच ना.

आता मुंबईत खरी श्रीमंती म्हणजे जागा. आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, परळला वन रूम किचन, गावाकडून टाटा हॉस्पिटलला केमोसाठी कोणी आलं की हॉलमधला दिवाण त्यांचा, सकाळी डब्यात मऊ भात आणि परत येताना वडाळ्याच्या बसचा नंबर चिठ्ठीवर लिहून देणार. बायबल उघडून प्रवचन वगैरे काही नाही, कोणी विचारलं तर सांगतात.

पंडिता रमाबाईंनी पण हेच केलं, अमेरिकेत फिरून पैसा उभा केला आणि 1889 मध्ये इथे मुंबईतच विधवांसाठी शारदा सदन काढलं.

तुमच्याकडे पैसा नसेल तर गाडी असेल, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येत असेल तर चर्चचे हिशोब बघा, तिकडे कायम माणूस कमी असतो. फक्त कर्ज काढून दान करू नका प्लीज.