वाचकांचे प्रश्न : पगार थोडा, आई गावी

प्रश्न : वय २४. हडपसरला कंत्राटी कामावर आहे, हातात १४,००० रुपये पडतात. तिघांत खोली आणि मेस धरून निम्मे जातात. वडील नाहीत. आई ५४ वर्षांची, बार्शी तालुक्यात असते. दीड एकर कोरडवाहू, शिवाय मजुरीला जाते. तिला बीपीची गोळी चालू आहे. दर महिन्याला जाणं परवडत नाही. तिला इकडे आणू, की नोकरी सोडून गावी जाऊ?

उत्तर : सध्या दोन्ही नको. आईंना आणायचं तर वेगळी खोली लागेल. म्हणजे पूर्ण भाडं, वर अनामत. त्यांची मजुरी बुडेल आणि तुम्ही शिफ्टला गेलात की दहा-बारा तास त्या अनोळखी चाळीत एकट्या. नोकरी सोडलीत तर दीड एकर कोरडवाहूवर दोघांचं भागणार नाही. त्यापेक्षा जाणं-येणं स्वस्त कसं होईल ते बघा.

१७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. तुमच्या एका फेरीच्या पैशांत त्यांच्या दोन फेऱ्या होतात, म्हणून दर वेळी तुम्हीच जायचं हा हट्ट सोडा. ज्वारीची काढणी-मळणी उरकली की मृगापर्यंत शेतात काम कमी असतं. तेव्हा त्यांना आठवडाभर बोलवा. जोडीदारांपैकी कोण कधी गावी जाणार, हे आधी ठरवून घ्या आणि घरमालकालाही सांगून ठेवा. खुरपणीच्या दिवसांत मात्र बोलवू नका, त्यांचा रोज बुडतो. ही सवलत पुण्यातल्या शहर बसला नाही, तेव्हा स्टँडवर घ्यायला स्वतः जा.

पैसे दरमहा एकाच तारखेला पाठवा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी. एकदा पाच हजार आणि मग दोन महिने काही नाही, असं झालं की किराणावाल्याकडे उधारी वाढते आणि ती आई तुम्हाला सांगत नाहीत. दोन हजार ठरवा, पण चुकवू नका. दुकानदाराला फोनवरून परस्पर पैसे देणं सोपं वाटतं, तरी सगळी रक्कम तशी देऊ नका. घरातल्या बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे हवेतच. वेगळ्या खात्यात दरमहा हजार टाकत जा. त्यातून पाच हजार साठले की त्याला हात लावायचा नाही. रात्री फोन आला तर तिकीट आणि डॉक्टर एवढ्यासाठीच ते.

रेशनकार्डावर तुमचं नाव असेल तर ई-केवायसी लगेच करा. ती राहिली तर तुमच्या वाट्याचं धान्य थांबू शकतं. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो मिळतं, म्हणजे आईंच्या घरात तेवढं कमी. त्यासाठी गावी जायची गरज नाही. हडपसरच्या कुठल्याही रेशन दुकानात आधार घेऊन अंगठा दिला की काम होतं.

बीपीची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते, एका वेळी महिन्याची मागायला सांगा. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी फोनवर आठवण करा. बरं वाटायला लागलं की गोळी सोडायची, ही चूक फार जण करतात.

आई डबा पाठवणार, त्याबद्दलही थोडं. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. तेव्हा पीठ मागवू नका. ज्वारीच मागवा आणि इथल्या गिरणीत दोन-दोन किलो दळून आणा. मेस आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवलीत तरी पैसे वाचतील, फक्त खाडे धरणार का ते मेसवाल्याला आधी विचारा. शेंगदाण्याची चटणी कोरडी असेल तर महिनाभर टिकते. ओला चमचा मात्र घालायचा नाही.

प्रश्न : मी पाठवलेले पैसे काढताना गावातल्या केंद्रावर आईचा अंगठा जुळत नाही. एकदा तर खात्यातून गेले, पण हातात आले नाहीत. काय करावं?

उत्तर : खुरपणी-कापणीनं बोटांच्या रेषा झिजतात. हात धुऊन कोरडे करून दहाही बोटं आळीपाळीनं लावून बघा, जे बोट जुळेल ते लक्षात ठेवा. एकही जुळत नसेल तर आधार केंद्रावर ठसे अद्ययावत करून घ्या. तोवर पासबुक घेऊन शाखेतून काढा.

व्यवहार फसला असं यंत्रानं दाखवलं तरी लगेच दुसऱ्यांदा अंगठा देऊ नये, दोनदा रक्कम कटू शकते. आधी पावती मागायची आणि मेसेज बघायचा. कटलेले पैसे ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशिराबद्दल दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार खातं असलेल्या बँकेत लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, चौकशीचा क्रमांक १४४४८.