बुद्धी की अनुभव? आधी झुंज लावू नका

ज्ञान कशातून मिळतं हे समजून घ्यायला ‘बुद्धी श्रेष्ठ की अनुभव?’ इथूनच तुम्ही सुरुवात केलीत. मीही तेच केलं होतं; वर्षभर बुद्धीच्या बाजूचा तत्त्वज्ञ देकार्त आणि अनुभवाच्या बाजूचा ह्यूम यांची झुंज लावत बसलो. त्यापेक्षा एकेक दावा हातात घ्या आणि तो कशावर उभा आहे ते बघा. ‘सगळे हंस पांढरे असतात’ ही युरोपीय समजूत निव्वळ पाहण्यावर उभी होती. १६९७ मध्ये डच खलाशांना ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले आणि ती कोसळली. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज मात्र कुणी मोजून ठरवत नाही, सिद्ध करतात. (सपाट पृष्ठभागावर, बरं का! गोलावर ती १८० अंशांहून जास्त भरते.)

अंतःप्रज्ञेच्या, म्हणजे तर्काशिवाय थेट सुचण्याच्या बाबतीत जरा जपून. रामानुजनना सूत्रं सुचायची, त्यातली बहुतेक खरी निघाली. पण मूळ संख्यांबद्दलचे त्यांचे काही दावे चुकले. त्यांच्यासोबत काम करणारे इंग्रज गणिती हार्डी सिद्धतेचा आग्रह का धरत, ते इथे कळतं.

आणि बुद्धी व अनुभव दोन्ही लागतात म्हणणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ कांटला लगेच हात घालू नका, डोकं उठेल. आधी ह्यूमचं कार्यकारणभावाबद्दलचं म्हणणं वाचा. कांटची वैचारिक झोप ह्यूमनेच मोडली होती, असं कांट स्वतःच सांगतो.