वहिनीच्या हृदयाच्या धमनीला आपोआप चीर गेली. विरघळणारा स्टेंट बसवून घ्यावा का?

वहिनींना अँजिओग्राफीत 'स्कॅड' (हृदयाच्या धमनीला आपोआप गेलेली चीर) निघालं, डॉक्टर स्टेंट नको म्हणतात, आणि तुम्ही विरघळणाऱ्या स्टेंटबद्दल वाचलंय. मी डॉक्टर नाही, कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात तिथे, टेक्निशियन आहे. त्या हिशेबानेच वाचा.

नेहमीच्या अटॅकमध्ये चरबीचा थर फुटतो आणि त्यावर गुठळी धरते. इथे तसं नसतं. धमनीच्या भिंतीच्या थरांमध्येच रक्त साचतं आणि ते आतली वाट दाबून टाकतं. रुग्ण बहुतेक बायका, चाळिशी-पन्नाशीतल्या, काही नुकत्याच बाळंत झालेल्या. शुगर नाही, कोलेस्टेरॉल नाही, म्हणून 'ॲसिडिटी असेल' म्हणत घरच्यांनी दोन दिवस घालवलेले असतात.

अशा धमनीत वायर घालताना आमचेही श्वास अडकतात. वायर खऱ्या वाटेऐवजी थरांमधल्या खोट्या वाटेत शिरू शकते. फुगा फुगवला की साचलेलं रक्त टूथपेस्टसारखं पुढे-मागे सरकतं आणि चीर लांबते. म्हणून रक्त वाहतंय, दुखणं थांबलंय, तर डॉक्टर हात लावत नाहीत. बहुतेकांची भिंत काही आठवड्यांत-महिन्यांत आपली आपण सांधली जाते. छातीत दुखतच राहिलं, बीपी कोसळलं किंवा चीर डाव्या मुख्य धमनीलाच गेली असेल, तर गोष्ट वेगळी.

विरघळणाऱ्याची कल्पना खरं तर इथेच सगळ्यात पटते. भिंत भरली की टेकूचं काम संपलं. धातूचा मात्र जन्मभर आत राहतो. साचलेलं रक्त जिरल्यावर तो सैलही पडू शकतो, आणि तिथे गुठळीची भीती असते. पण ॲबॉट कंपनीच्या 'ॲबसॉर्ब' या विरघळणाऱ्या स्टेंटचं काय झालं बघा: अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता, 2017 मध्ये विक्री बंद. त्याच्या जाळीच्या काड्या सुमारे 150 मायक्रॉन जाड, आणि गुठळ्या धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त झाल्या. विरघळायलाही तीनेक वर्षं. नंतर मॅग्नेशियमचा आला, तो वर्षभरात जिरतो. वापीच्या मेरिल कंपनीने 100 मायक्रॉन काड्यांचा काढला. स्कॅडमध्ये असे स्टेंट वापरल्याचे अनुभव छापून आलेत, पण मोजक्याच रुग्णांचे. तेवढ्यावर माझ्या बहिणीला मी तो बसवू दिला नसता.

डॉक्टरांशी स्टेंटवरून वाद घालू नका. त्याऐवजी मानेच्या आणि किडनीच्या धमन्यांची तपासणी कधी करायची ते विचारा, कारण यातल्या बऱ्याच बायकांच्या त्या धमन्यांतही दोष सापडतो. आणि डिस्चार्जची घाई नको. चीर वाढायची असेल तर बहुधा पहिल्या आठवड्यातच वाढते.