4 वर्षांच्या मुलीसाठी मॅग्नेटिक टाइल्स (आत चुंबक असलेले, एकमेकांना चिकटणारे प्लॅस्टिकचे तुकडे) घ्यायच्या आहेत. स्वस्तातला संच चालेल का?

चालेल, पण खोक्यावर आयएसआय मार्क असेल आणि टाइलचे जोड पक्के असतील तरच. बालवाडीसाठी खेळणी निवडणं हे माझं काम आहे. मी आधी टाइलची कड नखाने उचकटून बघते. फट पडली तर तो संच बाद. कोपऱ्यांत धातूचे रिव्हेट (दोन बाजू पक्क्या जोडणारे खिळे) असतील तर उत्तम. नुसती चिकटवलेली टाइल आपटून फुटते आणि आतलं लोहचुंबक बाहेर येतं. अशी दोन चुंबकं गिळली गेली तर ती आतड्याच्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठा. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, म्हणून बिनमार्काचं काही घेऊच नका.

एका मुलीला 50-60 नग पुरतात. चौकोन आणि त्रिकोण भरपूर हवेत, गाड्या-झाडं कमी. चौकोन साधारण साडेसात सेंटिमीटरचा घ्या, म्हणजे पुढे दुसऱ्या कंपनीचा संचही बहुधा जुळतो. मात्र घरात 3 वर्षांखालचं भावंड असेल तर चांगला संचसुद्धा मोठ्यांच्या नजरेसमोरच खेळू द्या, आणि तडा गेलेली टाइल लगेच काढून टाका.