अल्बम जुना की नवा, यापेक्षा तो किती लांबीचा आहे हे मी आधी बघतो

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, जुन्या अल्बमची सर नव्यांना नाही असं सगळे म्हणतात, ते खरं की नुसता वयाचा परिणाम? आणि दुसरी, आता हवं ते एकेक गाणं ऐकता येत असताना पूर्ण अल्बम ऐकण्यात काही अर्थ उरलाय का?

दुसरीचं उत्तर आधी देतो. उरलाय, भरपूर उरलाय. पहिलीचं उत्तर जरा लांबेल.

'जुनं ते सोनं' म्हणणारे एक विसरतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या ज्या रेकॉर्डी आज आपण ऐकतो त्या चाळणीतून गाळून आलेल्या आहेत. तेव्हाही टुकार संगीत ढिगाने निघत होतं. ते कुणी पुन्हा छापलं नाही, म्हणून आपल्या कानावर येत नाही. या वर्षी निघालेलं मात्र चांगलं-वाईट सगळं एकदम समोर येतं. निवडक जुनं एका पारड्यात आणि सरसकट नवं दुसऱ्या पारड्यात, असा न्याय होत नाही.

तरी जुन्यांच्या बाजूने एक खरी गोष्ट होती, ती म्हणजे जागेची टंचाई. कोलंबिया कंपनीने १९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, आणली. तिच्या एका बाजूला साधारण २२ मिनिटांचं संगीत नीट बसतं. जास्त कोंबायचं तर खाचा एकमेकींना चिकटून कोराव्या लागतात, मग आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि खर्जाचा जोर जातो. त्यात आणखी एक भानगड आहे. सुई जसजशी मध्याकडे जाते तसतशी वर्तुळं लहान होतात, पण मिनिटाचे फेरे तेवढेच राहतात. म्हणजे सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग कमी होत जातो आणि बाजूच्या शेवटाला बारीक, तीक्ष्ण आवाज किंचित फाटायला लागतात. म्हणून दणदणीत गाणं बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणं शेवटाला, ही मांडणी पुष्कळांनी पाळली. गाण्यांचा जो क्रम आपल्याला इतका सहज वाटतो, त्यात भूमितीचाही हात होता.

मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' (१९८२) घ्या. पहिल्यांदा मास्टर (जिच्यावरून तबकड्या छापतात ती मूळ प्रत) तयार झाला तेव्हा बाजू फार लांब झाल्या होत्या आणि रेकॉर्ड पुळचट वाजत होती. निर्माता क्विन्सी जोन्स आणि मंडळी पुन्हा कामाला बसली, गाणी कापली, मिश्रण नव्याने केलं. शेवटी ९ गाणी, सुमारे ४२ मिनिटं. त्यातलं एकही गाणं ओलांडून पुढे जावंसं वाटत नाही, यात त्या कापाकापीचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

आपल्या शास्त्रीय गायकांवर तर ही मर्यादा भलतीच कडक होती. मैफिलीत तासभर चालणारा ख्याल एका बाजूत बसवायचा! उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी ऐकलीच नसेल तर हे उत्तर इथेच सोडून आधी ती ऐका. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात षड्जावर फार थांबायचं नसतं, कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावरच डोलारा उभा असतो. खाँसाहेब तिथे इतक्या सावकाश, झुमरा तालाच्या संथ लयीत बढत (रागाचा हळूहळू विस्तार) करतात की वेळ कमी आहे याचा मागमूस लागत नाही. घाईने उरकलेली एकही जागा नाही. जे गाळलं ते आधीच, मनातल्या मनात गाळलेलं. मैफिलीचं ध्वनिमुद्रण आणि अल्बम यांतला फरक मला याच रेकॉर्डमुळे कळला. मैफिलीत कलाकार राग शोधत जातो, इथे शोध संपल्यावरचा ऐवज आहे. दोन्ही हवंच, पण दोन्ही एक नाही.

बाजू उलटण्यालाही अर्थ होता. बीटल्सच्या 'ॲबी रोड'ची (१९६९) पहिली बाजू 'आय वॉन्ट यू'ने संपते. शेवटाला गिटारचं तेच ते आवर्तन, त्यावर चढत जाणारी वाऱ्यासारखी घरघर, सगळं वाढत वाढत जातं आणि मधेच कात्रीने कापल्यासारखं तुटतं. फिकं होत जात नाही की समेवर येत नाही, नुसतं थांबतं. रेकॉर्ड ऐकणाऱ्याला तिथे उठून बाजू उलटावी लागे. मग 'हिअर कम्स द सन'ची लख्ख गिटार सुरू होई. आज ॲपवर ते तुटणं आणि ती गिटार यांत श्वास घ्यायलाही जागा नसते. मी तिथे मुद्दाम थांबवतो, थोडा वेळ जाऊ देतो आणि मग पुढचं लावतो. तुम्हीही करून बघा, दुसरी बाजू वेगळीच वाटते. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्येही (१९७३) हीच गत आहे. गायिका क्लेअर टॉरीचा तो शब्दांविना आक्रोश विरला की पहिली बाजू संपते आणि उलटल्यावर 'मनी' गाण्यातला गल्ल्याचा खणखणाट. मध्ये अंतर हवंच.

सलग कल्पनेचे अल्बम फक्त रॉकवाल्यांनी केले असा एक समज आहे, तोही चुकीचा. १९६७ सालचा 'कॉल ऑफ द व्हॅली' बघा. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. अहीर भैरव आणि नट भैरवने सुरुवात, पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. रागांचे प्रहर आपल्याकडे होतेच, त्यांनी त्यातूनच कथानक काढलं. हा अल्बम शफलवर (वाटेल त्या क्रमाने) टाकणं म्हणजे सकाळच्या आधी रात्र आणणं. आणि १९७४ सालचा 'शिवकल्याण राजा': रामदास, भूषण, गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज असे शतकांच्या अंतरावरचे कवी हृदयनाथ मंगेशकरांनी एका सूत्रात ओवले, लताबाईंचा आवाज आणि मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. यातली सुटी गाणी सगळ्यांना पाठ असतात. सलग ऐकणारे कमी, आणि त्यांना काय मिळतं ते सुटं ऐकणाऱ्याला कळायचं नाही.

आता जुन्यांचे दोषही सांगतो. सर्वात जास्त भरताड ज्या काळात झाली तो काळ आज 'जुना' म्हणूनच गणला जातो. सीडी आली १९८२ साली, ७४ मिनिटांची जागा घेऊन, आणि नव्वदच्या दशकात ती जागा भरण्याची चढाओढ लागली. तीन चांगली गाणी, बाकी भरणा, आणि विकत घ्यायची तर अख्खी तबकडी. पुढे लोक अल्बम सोडून सुट्या गाण्यांकडे धावले, त्याचं खापर मी श्रोत्यांवर फोडत नाही. शिवाय आवाज फुगवण्याची शर्यतही त्याच काळात सुरू झालेली. हळू आणि मोठा यांतला फरक दाबून सगळंच मोठं करायचं. मेटालिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'चं (२००८) उदाहरण प्रसिद्ध आहे: एका व्हिडिओ गेममध्ये वापरलेली त्याच गाण्यांची आवृत्ती सीडीपेक्षा मोकळी आणि स्वच्छ वाजते हे चाहत्यांनीच दाखवून दिलं. म्हणून 'रीमास्टर' (जुन्या ध्वनिमुद्रणाची नव्याने तयार केलेली आवृत्ती) असा शिक्का दिसला की मी हुरळून जात नाही.

पण कधी कधी नवी आवृत्तीच खरी असते. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची (१९५९) पहिली बाजू ज्या टेपयंत्रावर मुद्रित झाली ते जरासं हळू चालत होतं. म्हणून रेकॉर्डवर ती तिन्ही गाणी मूळपेक्षा किंचित वेगात आणि चढ्या सुरात वाजत राहिली. हे दुरुस्त झालं १९९२ साली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ जगाने हा अल्बम मूळ सुरात ऐकलाच नव्हता! कान तयार असेल तर दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ ऐका. दुरुस्त आवृत्तीत 'सो व्हॉट'मधला पॉल चेंबर्सचा बास जास्त भारदस्त वाटतो. आणि या अल्बमचा मला सर्वात भावणारा भाग म्हणजे शेवटचा 'फ्लेमेंको स्केचेस'. पाच स्वरावली ठरलेल्या, पण प्रत्येकीवर किती वेळ थांबायचं ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. आपल्या आलापीची सवय असलेल्या माणसाला हे संगीत परकं वाटतच नाही. जॅझशी ओळख करून घ्यायची असेल तर मी याच दाराने आत नेईन.

नव्यांकडे येतो. ॲपवर जागेची टंचाई उरलेली नाही आणि हिशेब उलटा झालाय. गाणं ३० सेकंद वाजलं की पैसे मिळवून देणारी एक नोंद होते, म्हणजे जितकी जास्त गाणी तितक्या जास्त नोंदी. टेलर स्विफ्टचा २०२४चा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' १६ गाण्यांचा निघाला आणि दोन तासांत त्यात आणखी १५ आली. बाई लिहिते चांगलं, याबद्दल दुमत नाही. पण त्या ३१ गाण्यांत एक घट्ट, सुंदर बारा गाण्यांचा अल्बम दडलाय, आणि तो वेगळा काढायचं काम तिने आपल्यावर सोडलंय. हे मला पटत नाही. निवड करणं हे कलाकाराचंच काम आहे.

उलट ॲडेलने २०२१ साली '30' काढताना स्पॉटिफायला सांगितलं की अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलचं नको. त्यांनी ते ऐकलं. ज्या क्रमाने रचलं त्याच क्रमाने ऐका, एवढंच तिचं म्हणणं होतं.

लांब असणं हा आपोआप दोष होत नाही, हेही सांगायला हवं. रॅपर केंड्रिक लमारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' (२०१५) जवळजवळ ८० मिनिटांचा आहे, पण त्यातून एक ओळ काढून दाखवा. अल्बमभर एक कविता परत परत येते, दर वेळी थोडी पुढे सरकते आणि अगदी शेवटी पूर्ण होते. मग कळतं की तो ती टुपाक या रॅपरला वाचून दाखवत होता. टुपाक १९९६ सालीच गेला होता. त्याची उत्तरं १९९४च्या एका मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणातून घेतली आहेत. सुटी गाणी ऐकणाऱ्याच्या हाती ही कविता लागतच नाही. याहून घट्ट वीण मला जुन्यांतही फार थोड्या ठिकाणी दिसली. त्याच्याच 'डॅम'ची (२०१७) गाणी त्याने नंतर शेवटापासून सुरुवातीकडे अशा क्रमाने पुन्हा काढली, आणि क्रम उलटताच गोष्टीचा शेवट बदलतो. अल्बमला २०१८ साली पुलित्झर मिळालं ते योग्यच झालं.

गायिका अरूज आफताबचा 'व्हल्चर प्रिन्स' (२०२१) सात गाण्यांचा. तिच्या धाकट्या भावाला अर्पण केलेला, त्याच्या मृत्यूच्या छायेतला. हफीझ होशियारपुरींची 'मोहब्बत' ही गझल मेहदी हसनसाहेबांनी आधी गायलेली असताना त्या वाटेला जायचं धाडसच लागतं. ती स्पर्धेत उतरतच नाही. आवाज चढवत नाही, हरकती दाखवत नाही, शब्द फक्त हळूच ठेवते. गझल म्हणजे तबला-पेटी आणि दर मिसऱ्याला दाद, अशी सवय असलेल्यांना आधी जरा रितं वाटेल. थोडा धीर धरा.

आणि शेवटी 'प्रॉमिसेस' (२०२१). फ्लोटिंग पॉइंट्स हा इलेक्ट्रॉनिक संगीतकार, सॅक्सोफोनवादक फेरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. ४६ मिनिटांचं एकच संगीत, नऊ भागांत. सात सुरांची एक छोटी आकृती सुरुवातीला येते आणि पुन्हा पुन्हा येतच राहते, आपल्याकडे तबल्याच्या सोलोवादनात लेहरा (सतत फिरणारी धून) असतो तशी. तिच्यावर सँडर्स वाजवतात. एकेकाळी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबरोबर कानठळ्या बसवणारं वाजवलेला हा माणूस इथे ऐंशीच्या उंबरठ्यावर फुंकर घातल्यासारखा वाजवतो. चौथ्या भागात सॅक्सोफोन बाजूला ठेवून तोंडाने काही पुटपुटतो, गुणगुणतो. सहाव्या भागात व्हायोलिनं उसळतात तेव्हा आवाज वाढवलेला असेल तर दचकायला होतं. म्हणून सुरुवातीला सगळं फार हळू वाटलं तरी आवाज वाढवू नका. सँडर्स २०२२ साली गेले.

तुम्हाला एक जुना, एक नवा असं लगेच सांगायचं तर 'काइंड ऑफ ब्लू' (१९९२ नंतरची कुठलीही दुरुस्त आवृत्ती) आणि हा 'प्रॉमिसेस'. दोन्ही ४६ मिनिटांच्या आसपास आहेत, म्हणजे दोन बाजूंत मावणारे. हेडफोन लावा, शफल बंद आहे ना ते बघा आणि गाणी बदलू नका. ऐकून झाल्यावर दोन्हींपैकी कुठला रटाळ वाटला ते इथेच लिहा, त्यावरून पुढचा कुठला सुचवायचा ते ठरवता येईल.